आवाज आधी, चित्र नंतर

"वहिनी, नेट स्लो आहे." हे वाक्य मी दिवसभरात इतक्यांदा ऐकते की कुणी नुसतं "वहिनी" म्हटलं तरी माझं डोकं तापतं. लालबागच्या एका चाळीत तळमजल्यावर आमचं दुकान आहे. आधी केबल टीव्हीचं होतं, आता इंटरनेटचं. आमचे हे गेल्यावर अख्ख्या गल्लीला वाटलं, बाई आता धंदा विकणार. विकते कशाला! तारा ओढायचं काम माझे दीर बघतात. दुकानातलं मशीन, प्लॅन, वसुली आणि लोकांच्या शिव्या खाणं माझ्याकडे.

मशीन म्हणजे एक डबा. बाहेरून येणारी जाड लाइन त्यात शिरते आणि तिथून घराघरात जाते. संध्याकाळी सगळे एकदम मोबाइल आणि टीव्ही उघडून बसतात, तेव्हा लाइन पुरत नाही. मग कोण आधी आणि कोण मागून, हे डब्याला सांगून ठेवावं लागतं. महाग प्लॅनवाला पुढे, स्वस्तवाला मागे, हा झाला धंदा. पण त्याच्याही वर मी एक नियम लावला होता: आवाज आधी, चित्र नंतर. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचं तोंड जरा धूसर झालं, मध्येच अडकलं, तरी माणूस ऐकून भागवतो. आवाज तुटला की मात्र लगेच "हॅलो, हॅलो" आणि पुढचा फोन मला. शिवाय आवाजाला जागा लागते ती एवढीशी. म्हणून आवाज सगळ्यांचाच पुढे, मग प्लॅन कुठलाही असो. हा नियम लावला आणि माझा फोन कमी वाजायला लागला. मी भाऊजींना दहा वेळा तरी सांगितलं असेल की बघा, कसं डोकं चालवलं!

तिसऱ्या मजल्यावर दोघी मायलेकी राहतात. सगळ्यात स्वस्त प्लॅन, पैसे वेळच्या वेळी आणि तक्रार एक नाही. अशी गिऱ्हाइकं मला फार आवडायची. आई हिंदमाताला एका दुकानात साड्यांना फॉल-पिको करते. मुलगी पंचविशीची, कॉम्प्युटरवर इमारतींचे नकाशे काढायला शिकलेली. तिला जन्मापासून ऐकू येत नाही.

गणपती जवळ आले होते. गुरुवारी त्या दोघी दुकानात आल्या. आई म्हणाली, "वहिनी, गेल्या आठवड्यात हिचा इंटरव्ह्यू होता, बंगळुरूच्या कंपनीचा. अर्ध्यातच बंद करावा लागला. चित्र सारखं अडकत होतं."

मी भडकलेच. "अहो, मग कंप्लेंट नको करायला? नंबर एवढा मोठा लिहिलाय दुकानावर! आधी पण अडकत असेल ना? एक फोन करायला काय होतं?"

आईने नुसतं मुलीकडे बघितलं. मुलगी माझ्या ओठांकडे बघत होती. तेव्हा माझी ट्यूब पेटली. माझ्याकडे तक्रार करायची तर फोन करावा लागतो, आणि आई दिवसभर हिंदमाताला. शरमेनं मला खुर्चीत बसवेना.

मुलीने मोबाइलवर त्या इंटरव्ह्यूचं रेकॉर्डिंग दाखवलं. कंपनीने एक दुभाषी बाई बसवली होती. साहेब बोलतात ते ती हातांच्या खुणांनी मुलीला सांगते, आणि मुलीच्या खुणा बघून साहेबांना बोलून दाखवते. साहेबांचा आवाज अगदी स्वच्छ येत होता, कुठे तुटत नव्हता. आणि त्या बाईचे हात? हात वर, मग चित्र गोठलेलं, मग हात एकदम खाली. मधलं वाक्य गायब. माझ्या डब्याने अगदी नियमाप्रमाणे काम केलं होतं. जिला आवाजाचा काही उपयोग नाही तिला आवाज पोहोचवला, आणि तिचं सगळं बोलणं ज्या चित्रात होतं ते मागे ढकललं.

"कंपनीने परत शनिवारी चारला बोलावलंय," आई म्हणाली. "पण लिहिलंय, ही शेवटची वेळ. हिला आजवर कुणी दुसऱ्यांदा बोलावलं नव्हतं हो, वहिनी."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, शनिवारी हिची लाइन मी स्वतः बघणार. त्या रात्रीच डब्यात बदल केला. तिच्या घरापुरतं चित्र सगळ्यात पुढे.

शनिवारी आमच्या मंडळाच्या गणपतीचं आगमन होतं. परळच्या कार्यशाळेतून मूर्ती निघणार आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मोठ्या रस्त्याने मंडपात येणार. मंडळाने आगमन मोबाइलवर लाइव्ह दाखवायचं ठरवलं होतं, आणि त्यासाठी माझ्याकडून खास लाइन घेतली होती, चांगल्या भावाने. चारचा इंटरव्ह्यू आणि सातची मूर्ती. सगळं कसं मस्त बसलं होतं.

कसलं बसतंय! सव्वातीनला मंडळाचा कार्यकर्ता धापा टाकत दुकानात. "वहिनी, पुढे दुसऱ्या मंडळाची गाडी अडकलीय. पोलीस आपल्याला या गल्लीतून काढतायत. निघालोय आम्ही. तुमची तार काढा."

आमची मुख्य लाइन रस्त्यावरून, पलीकडच्या इमारतीच्या गच्चीवरून येते. दरवर्षी छोट्या मंडळाची एखादी गाडी गल्लीत आली की पोरं बांबूने तारा उचलतात आणि मूर्ती खालून निघून जाते. पण आमच्या मंडळाची मूर्ती उंच, वर प्रभावळ. ती तार कितीही उचलली तरी लागणार होती. तार गच्चीवरच्या जोडावर सोडवून खाली टाकायची, गाडी गेली की ओढून परत जोडायची, दुसरा इलाज नाही.

"भाऊजी, धावा!" मी ओरडले. भाऊजी पलीकडच्या गच्चीवर गेले.

तार सुटली की आमचं नेट बंद पडत नाही. डबा आपोआप दुसऱ्या वाटेवर जातो. ती वाट शिवडीकडून येते, भाड्याची आहे, आणि बारीक आहे. जाड घेतली असती तर भाडं परवडलं नसतं. अडीअडचणीला गल्लीचं कसंबसं भागेल, एवढीच. आणि आज त्या बारीक वाटेवर कोण कोण बसणार होतं? घरबसल्या आगमन बघणारी अख्खी गल्ली, मंडळाचं लाइव्ह, आणि ती पोर.

भाऊजींनी चारच्या आधीच तार सोडवून खाली टाकली. चार वाजले. इंटरव्ह्यू सुरू झाला. मशीनच्या स्क्रीनवर तिच्या नेटची रेघ दिसत होती, ठीक चालली होती. गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, ढोल-ताशा सुरू झाला आणि मंडळाचं लाइव्ह रंगात आलं. तिची रेघ डुगडुगायला लागली. मी तिला सगळ्यांच्या पुढे ठेवलं होतं खरं, पण लाइव्हलाही पुढेच ठेवलं होतं, कारण पैसे घेतले होते. या वाटेवर दोघं मावत नव्हते.

मी फार विचार केला असं नाही. विचार करायला वेळ कुणाला होता! मी लाइव्ह बंद केलं. बाकी गल्लीचे व्हिडिओही दाबून टाकले. तिची रेघ सरळ झाली.

लगेच फोन. मंडळाचे अध्यक्ष. ढोलाच्या आवाजात किंचाळत होते, "वहिनी, लाइव्ह बंद पडलं!"

"पडलं नाही. मी बंद केलंय."

"काय? डोकं फिरलंय का तुमचं? बाप्पाचं आगमन आहे! गावाकडचे, दुबईचे, सगळे बघत बसलेत!"

"अध्यक्ष, बाप्पा तुमच्या समोर उभे आहेत, तुम्ही डोळे भरून बघा. दुबईवाल्यांना रात्री रेकॉर्डिंग पाठवा. तिसऱ्या मजल्यावरच्या पोरीचा इंटरव्ह्यू चाललाय. तो रेकॉर्डिंगवर होत नाही."

पुढे ते काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी फोन ठेवला.

गाडी गल्लीत अर्धा तास नाचली. मग हळूहळू पुढे सरकली, तार होती ती जागा ओलांडून गेली. मला हायसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी आठवलं. भाऊजी आता तार ओढून जोडणार. तार जोडली की डबा आपोआप जाड वाटेवर परत जाणार. आणि वाट बदलताना चालू कॉल तुटतो. पाच-दहा सेकंदच, पण तुटतो. आपोआप परत जाणं बंद करायची सोय डब्यात असते, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी माहीत नव्हतं आणि बटणं दाबून बघायची माझी छाती नव्हती.

भाऊजींना फोन लावला. उचलेनात. कुठून उचलतील, त्या गदारोळात! दारात येऊन ओरडले, "भाऊजी, जोडू नका!" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. रस्ता माणसांनी भरलेला, पलीकडे जाणं शक्य नव्हतं. जिना चढून पहिल्या मजल्याच्या गॅलरीत गेले. समोरच्या गच्चीवर भाऊजींनी तार वर ओढली होती. तिचं टोक त्यांच्या हातात दिसत होतं.

मी दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. त्यांनी बघितलं. मान हलवून विचारलं, काय? मी पंजा दाखवला, थांबा. त्यांना वाटलं पाच मिनिटं. मी कपाळावर हात मारला. मग तिसऱ्या मजल्याकडे बोट केलं, आणि ती पोर करते तसे दोन्ही हात हवेत हलवले, वेड्यासारखे. मग पुन्हा फुली. बाजूची पोरं मला बघून हसत होती. हसेनात का!

भाऊजींनी तिसऱ्या मजल्याकडे बघितलं. मग तारेचं टोक रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात घातलं आणि पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले.

मी तिसऱ्या मजल्यावर गेले. आई उंबऱ्यात बसली होती, पदराचं टोक मुठीत धरून. दार अर्धं उघडं होतं. ढोलाने खिडकीचं तावदान थडथडत होतं. मुलीने माइक बंद ठेवला होता. अख्ख्या लालबागमध्ये त्या आवाजाचा त्रास न होणारी ती एकटीच असेल. स्क्रीनवर दुभाषी बाई बोलत होती. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण हात कुठे अडकत नव्हते. एक खूण संपायची, तिच्यातूनच दुसरी निघायची. मुलगी उत्तर द्यायची तेव्हा तिचे खांदे, मान, सगळं बोलायचं. ती इतकं बोलते हे मला ठाऊकच नव्हतं. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

इंटरव्ह्यू संपवून ती उठली तेव्हा माझ्या खिशातल्या फोनवर मिस्ड कॉलचा ढीग पडला होता. आईने तिला खुणेने विचारलं. तिने खांदे उडवले. काय माहीत.

भाऊजींना हात करून मी तार जोडायला लावली. ते खाली आले आणि एवढंच म्हणाले, "वयनी, अध्यक्ष येतत हां. मी चाय पिऊन येतंय."

अध्यक्ष आलेच. खास लाइनचे पैसे मी काउंटरवर काढून ठेवले होते. ते म्हणाले, प्रश्न पैशांचा नाही, गल्लीत आमचं हसं झालं. त्यांचंही चुकलं नव्हतं. कबूल केलेली वस्तू मी दिली नव्हती. त्या वर्षापासून मंडळाची लाइन दुसऱ्याकडे गेली. त्यांच्यामागून आणखी काही घरंही गेली. वाईट वाटलं. अजून वाटतं.

विसर्जन झालं. गल्ली रिकामी रिकामी झाली. एक दिवस मी वसुलीचे फोन करत बसले होते आणि ती पोर दुकानात आली. मोबाइलवर टाइप करून तिने माझ्यासमोर धरला. "काकी, नोकरी लागली."

मी काउंटरवरून उठून तिला मिठीच मारली. काय काय ओरडले ते तिला ऐकू जाणार नव्हतं, पण माझ्या तोंडावर सगळं दिसत असणार. ती हसत होती. मग तिने परत टाइप केलं. "सोमवारपासून. घरूनच काम. सकाळी दहा ते संध्याकाळी सात. रोज व्हिडिओ मीटिंग."

मी मान हलवली, वा वा. तिसऱ्यांदा तिने जरा वेळ लावला. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. "शनिवारसारखं नेट रोज लागेल. पुढे असणाऱ्यांचा प्लॅन महाग आहे ना? पगार होईपर्यंत थांबाल का?"

भिंतीवर प्लॅनचा बोर्ड होता. ती त्याच्याकडे बघत होती, मीही बघितलं. सगळ्यात वरच्या प्लॅनपासून तिच्या प्लॅनपर्यंत प्रत्येकाचा आवाज मी पुढे काढते. त्याचे पैसे मी आजवर कुणाकडून घेतले नाहीत. बोर्डावर तशी ओळसुद्धा नाही, कारण ते विकायचं असतं असं कधी मनातच आलं नाही.

मी तिच्या हातातून मोबाइल घेतला. मला मराठी टाइप करायला वेळ लागतो. ती थांबली.

"प्लॅन तोच," मी लिहिलं. "आवाजाचे पैसे आपण घेत नाही."

तिने वाचलं. मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वाचलं.