काळ्याला काळंच काढणारी अक्का

अक्का फोटो काढताना श्वास धरायची आणि समोरच्यालाही धरायला लावायची. म्हशीलासुद्धा. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. त्या दिवशी सकाळी ती गोठ्याच्या भिंतीपाशी उभी राहिली, कॅमेरा माझ्या हातात, आणि दोघांनी श्वास धरला. मी बटण दाबलं. तिने फोटो पाहिला आणि मला बैल म्हटलं नाही. दुपारी चहा घेऊन ओट्यावर टेकली, ती टेकलीच. दिवस मावळायच्या आत सगळं आटोपलं.

अक्का म्हणजे माझी बायको. गाव अक्का म्हणायचं, मीही मागून तेच म्हणायचो. तोंडावर नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. मी चौथी शिकलो, ती दुसरी. धुळ्याला दिलेल्या आमच्या सुरेखाने नवा कॅमेरा घेतला तेव्हा जुना आईला दिला, आणि सांगितलं की हे चाक हिरव्या खुणेवर ठेव, बाकी सगळं तो आपोआप करतो. अक्काने वर्षभर ऐकलं. मग म्हैस विकायची वेळ आली.

शिंदखेड्याच्या गिऱ्हाइकाने फोटो मागितला. आमची म्हैस तव्याच्या बुडासारखी काळी. फोटोत आली चुलीतल्या राखेसारखी. गिऱ्हाईक म्हणालं, जनावर आजारी दिसतं. अक्काने मग अंगणातला कापसाचा ढीग काढून पाहिला. तोही राखेचा. सुरेखाने फोनवर समजावलं की कॅमेऱ्याला सगळं मधल्या उजेडाचं करायची खोड असते. काळं असेल ते उजळवतो, पांढरं असेल ते मळवतो.

"त्या डब्बाले काय अक्कल शे?" अक्का म्हणाली. "त्याले बठ्ठं राखोडीच दिसस."

आणि तिने चाक हिरव्यावरून काढलं ते काढलंच.

भिंगाचं भोक किती उघडायचं आणि आतली झडप किती वेळ उघडी ठेवायची, हे ती फोनवरून शिकली. आकडे कोळशाने गोठ्याच्या भिंतीवर लिहिले: सकाळची म्हैस, दुपारची म्हैस, ढगातली म्हैस. मला त्या भिंतीला पाठ टेकायची बंदी झाली.

मारुतीच्या भंडाऱ्यात तिने झडप फार वेळ उघडी ठेवली. वरण-बट्टीच्या पंगतीत एकेकाला चार-चार हात आले, वाढणाऱ्याचा तर धूर झाला. सरपंचांनी विचारलं, अक्का, माझं तोंड कुठे गेलं? ती म्हणाली, जेवताना बोलत होते ना भाऊ, राहिलं असेल कुठेतरी. अख्ख्या फोटोत एकटा मारुती स्वच्छ आला. तिने तो फोटो दाखवून गावाला सांगितलं, शिका काहीतरी देवाकडून.

पुढे म्हैसही जमली. काळीभोर, पाठीवर उन्हाची चकाकी. अक्काने तो फोटो पुष्कळ वेळ पाहिला आणि सौदाच मोडला. एवढं देखणं जनावर विकायला मी येडी आहे का, म्हणाली. म्हैस अजून गोठ्यात आहे. आटली आहे, पण देखणी आहे.

हे सगळं म्हशीसाठी नव्हतं, हे मला उशिरा कळलं. अक्का रंगाने काळी. आमच्या लग्नात फोटोवाल्याने तिला पावडरीत बुडवलं होतं. सुरेखाच्या लग्नात दुसऱ्याने कॉम्प्युटरवर गोरी केली, तर चेहरा पांढरा आणि हात तिचे. तो अल्बम उघडून ती विचारायची, "हात मना शे, तोंड कोनं शे?" आम्ही हसायचो. तिला स्वतःचा एक फोटो हवा होता, आहे त्या रंगाचा. एकच.

आता स्वतःला उभं राहायचं तर बटण दाबायला मीच. ती आकडे लावून द्यायची, भिंतीपाशी जायची, आणि मी हळूच चाक हिरव्यावर न्यायचो. ती येऊन पाहायची, बैल म्हणायची. दर वेळी मी सांगायचो, बोट लागलं. बोट नव्हतं लागलं. मलाच वाटायचं, जरा उजळ आली तर बरी. माझ्या आईने तिला काळी म्हणून नाक मुरडलं तेव्हाही मी खाली मान घालून जेवत होतो.

शेवटच्या दिवशी ती म्हणाली, "मी जशी शे तशीच काढा." आवाज चढवला नाही. मी चाकाला हात लावला नाही.

ती गेली त्या रात्री सुरेखाने तोच फोटो श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी पारोळ्याच्या स्टुडिओत पाठवला. सकाळी मी निघालो. भाऊबंद म्हणाले, सुतकात दुकानात जायचं नसतं. मी चपला घातल्या.

स्टुडिओवाल्याने पडद्यावर फ्लेक्स दाखवला. कडेने गुलाब, खाली कमळ, मध्ये एक गोरी बाई.

"बाबा, थोडं उजळ केलंय," तो म्हणाला. "बरं दिसतं."

"ही कोण?"

"आपल्या अक्काच की."

"नाही. माझी बायको काळी होती."

दुकानातली माणसं माझ्याकडे वळून पाहायला लागली. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. त्याने एक बटण दाबलं, आणि ती आली.

"आता छाप," मी म्हणालो. "आणि मोठी छाप."