एका पत्त्याला एकदाच

गुंजाळ सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलीच होते. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. सर रजेवर गेल्यापासून कुठकुठले डीलर मलाच फोन करत होते, "गुंजाळ साहेबांच्या मेलमध्ये तुमचा नंबर आहे." शेवटी पुण्याच्या हॉस्पिटलात फोन लावून मी तणतणले, "सर, रजा तुमची आणि ताप माझ्या डोक्याला?" ते नुसते हसले. "उचलती ना फोन? मग झालं तर..." दुसऱ्या दिवशी त्यांची बायपास होती. त्यातून ते उठले नाहीत.

नगरच्या एमआयडीसीत आमची पंपांची कंपनी. बाहेरची प्रत्येक मेल आधी गेटवे नावाच्या सर्व्हरवर येते, मग आत जाते. हा गेटवे सरांचा जीव की प्राण. मूळचा कोल्हारचा शेतकरी गडी, सगळं स्वतःच शिकलेला. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसत. गेल्या दिवाळीत मात्र मला म्हणाले, "वैशाली, औंदा समद्यांची रजेची उत्तरं तू लाव." रजेवरच्या माणसाला मेल आली की 'मी रजेवर आहे' असं आपोआप कळवणारी ती उत्तरं मी लावली, आणि एक खूण करायची राहिली: एका पत्त्याला एकदाच उत्तर. एका डीलरकडेही तसलंच आपोआप जाणारं उत्तर लावलेलं. आमचं त्याला, त्याचं आम्हाला, पुन्हा आमचं त्याला... अकरा वाजेपर्यंत कंपनीची मेल ठप्प! परदेशी ऑर्डरचे कागद अडकले, गेटवर कंटेनर खोळंबला, मॅनेजर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे. घाईघाईत पासवर्ड दोनदा चुकला. सर आले, पण मला खुर्चीवरून उठवलं नाही. शेजारी उभं राहून म्हणाले, "घाई करू नको. आधी उत्तराचा नियम बंद कर." मेल सुरू झाल्यावर मात्र सगळ्यांदेखत सुनावलं, "इथून पुढं गेटवेला हात लावायचा न्हाई!"

तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतं. माझी नोकरी कायम व्हायची होती, त्यात सरांचा शब्द महत्त्वाचा, आणि ते तर तोंडच उघडेनात. मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटलं, ते इथे लिहीत नाही.

तेराव्यानंतर मॅनेजरनी गेटवेचा पासवर्ड हातात दिला. "गुंजाळांचं रजेचं उत्तर अजून जातंय लोकांना. बंद करा." ते उत्तर फक्त बाहेरच्यांना जायचं, मी कधी वाचलंच नव्हतं. म्हटलं, बघू तरी काय लिहिलंय. मोबाईलवरून, माझ्या घरच्या पत्त्यावरून सरांना कोरी मेल टाकली. लगेच उत्तर आलं. "मी रजेवर आहे. माझ्या जागी वैशाली आहेत. गेटवे आता त्याच बघतील. बिनघोर राहा." खाली माझा नंबर.

मला रडू आवरेना. तसंच बसून दुसरी मेल लिहिली. सर, फोनवर बोलले त्याचं फार वाईट वाटतंय... पाठवली आणि मोबाईलकडे बघत राहिले. काही आलं नाही. एका पत्त्याला एकदाच. सरांनी खूण बरोबर केली होती.

मग मी नियम बंद केला. घाई केली नाही.