एका माईकवर तिघी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीलाही नाही. आता चौऱ्याहत्तरावं चालू आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यामुळे लिहायला वेळ लागतोय. मध्ये गॅस बंद करायला उठले तेव्हा वाटलं, राहू दे. पण पुन्हा येऊन बसलेय.

आमच्या गाण्यांचा नवा अल्बम आलाय, तुम्ही कदाचित ऐकला असेल. रावपुरा सिस्टर्स. बहिणी आम्ही नव्हेच. नलू, सुधा आणि मी — रावपुऱ्यात एका गल्लीत लग्न होऊन आलेल्या तीन सुना. गणपतीत गायलो, तिथून ऑर्केस्ट्रावाल्यानं उचललं, आणि नाव त्यानंच ठेवलं. गाणी हलकीफुलकी, निम्मी मराठी, निम्मी गुजराती, मागे गिटार आणि कॅसिओ. दोन कॅसेटी निघाल्या. रिक्षात वाजायच्या. तिसरी अर्धी राहिली, आणि पुढे पस्तीस वर्षं आम्ही गायलो नाही.

ती का राहिली हे आमच्या बडोद्यात पुष्कळांना माहीत आहे. म्हणजे — जे मी पसरवलं ते माहीत आहे.

तेव्हा कसं गात होतो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मांडवीत कॅसेटवाल्या शेठचं दुकान होतं, त्याच्या माडीवर भिंतींना गाद्या लावलेली एक खोली. मध्ये एकच माईक. तिघींनी डोक्याला डोकं लावून उभं राहायचं आणि एकदम गायचं. आमची खरी खुबी तीच होती. तिघींचा मिळून एक आवाज व्हायचा, कुणाचा कुठला ते आमच्या घरच्यांनाही सांगता यायचं नाही. पण जिचा गळा असतो तिला कळतं. वरची ओळ आली की आपण पोचलो की नाही, हे गाणाऱ्या बाईला कळत नाही असं कोणी म्हणालं तर मानू नका.

तिसऱ्या कॅसेटच्या वेळी शेठनं टेप थांबवली. पुन्हा लावली, पुन्हा थांबवली. मग खाली मान घालून म्हणाला, “बेन, त्रणमांथी कोईनो सूर नीचे जाय छे.” तिघींपैकी कुणाचा तरी सूर खाली जातोय. कुणाचा, ते त्यालाही कळत नव्हतं. एका माईकवर कसं कळणार?

मला कळत होतं. चार-पाच महिने कळत होतं. वरच्या ओळीला मी नुसतं तोंड मोठं करत होते, सूर खाली राहत होता, आणि त्या दोघी मला झाकून नेत होत्या — त्यांच्या नकळत.

नलू आमच्यात सर्वांत लहान, माझ्याहून आठ वर्षांनी. तिचं बाळंतपण होऊन तीन महिने झाले होते. मूल सासूकडे ठेवून आली होती, घामेजली होती, सारखं घड्याळ बघत होती. तेव्हा मी बोलले. म्हटलं, “नलूचा आवाज बाळंतपणात उतरलाय. तिचा दोष नाही, बायकांचं होतं असं.”

वाक्य कसं गोड आहे बघा. दोष नाही म्हणून दोष दिला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. वाद घातला असता तर? माझी खात्री आहे, मी आणखी जोरात बोलले असते. पण ती म्हणाली, “असेल हो ताई. मला आतून काही कळेनासंच झालंय.” पदर सारखा केला आणि जिना उतरून गेली.

इथे थांबले असते तरी एक खोटं म्हणून सुटलं असतं. पण शेठ व्यवहारी माणूस. तो म्हणाला, मग तुम्ही दोघी गा. दोघींत कोण लपणार? सूर खाली गेला की सुधाचा नाही म्हणजे माझाच. म्हणून मी बाणेदारपणे सांगितलं — नलू नाही तर मीही नाही. आणि निघून आले.

काय कौतुक झालं माझं. मैत्रीण असावी तर अशी. हळदीकुंकवाला बायका मला नलूशेजारी बसवायच्या. नलूच्या सासूनं तर साडी नेसवली. ती मी वापरून फाडली. नलूनं मात्र गाणं टाकलं ते टाकलंच. गौरीच्या आरतीलाही ती टाळ्या वाजवायची, ओठ हलवायची नाही. मुलीनं गाण्याच्या क्लासचा हट्ट धरला तेव्हा म्हणाली, आपल्याकडे सूर नाही बाई, तू चित्रकला घे. हे मला तिनंच सांगितलं, हसत. मीही हसले असेन.

दोन वर्षांपूर्वी सुधाच्या मुलीनं, मीरानं, जुन्या कॅसेटी मोबाईलवर चढवल्या आणि त्या हजारो पोरांनी ऐकल्या. मीराचा गोरव्याला लहानसा स्टुडिओ आहे, खाली लेथचा कारखाना. कारखान्याला सुट्टी असेल त्या दिवशीच रेकॉर्डिंग होतं. ती म्हणाली, आठ गाणी करू. सुधा तयार, मीही तयार — म्हातारपणी कोण सूर बघतंय, असं वाटलं. नलू नको म्हणाली. मग एका सकाळी आपण होऊन आली. “तुम्ही माझ्यासाठी सोडलंत ताई, आता तुमच्यासाठी येते. मी बारीक आवाजात म्हणेन.”

तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

आता पद्धत बदललीय. एकेकीनं काचेच्या खोलीत जायचं, कानाला हेडफोन, एकटीनं गायचं. तिघींचे आवाज मशीनमध्ये वेगवेगळे राहतात. मला हे माहीत नव्हतं, नाहीतर गेलेच नसते. माझं झाल्यावर मीरा हळूच म्हणाली, “मासी, वरती जरा खाली जातंय. टेन्शन नका घेऊ, मी मशीनवर उचलून घेते.” कुणाला बोलू नकोस, म्हटलं. ती कशाला बोलेल?

नलूचं झालं तेव्हा ती मीराला म्हणाली, माझा आवाज मागे ठेव, ऐकू आला नाही तरी चालेल. आणि पोळ्या टाकायच्यात म्हणून रिक्षा करून गेली. मीरानं मला हेडफोन लावला. नुसती नलू. गिटार नाही, आम्ही नाही. पस्तीस वर्षं न गायलेली पासष्ट वर्षांची बाई, आवाज थरथरणारा, पण सूर — खिळा ठोकल्यासारखा. वरच्या ओळीला तर मी डोळे मिटून घेतले.

“मासी, हा आवाज मागे ठेवू?” मीरानं विचारलं. “तुम्ही मोठ्या आहात, तुम्ही सांगा.”

मी म्हटलं, “ती म्हणते तसंच कर.”

का म्हटलं? नलूचा आवाज पुढे आला असता तर जुन्या लोकांनी विचारलं असतं, मग तेव्हा खाली कोण जात होतं? एवढंच कारण. दुसरं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

अल्बम आला. त्यात मशीननं उचललेली मी पुढे आहे आणि नलू कुठेतरी मागे. सत्काराला नलूनं माईक हातात घेऊन मी तिच्यासाठी काय सोडलं ते सगळ्यांना सांगितलं. लोक उभे राहिले. मी शाल घेतली, नारळ घेतला, खाली येऊन चहा प्याले. नलू कानाशी म्हणाली, मीरानं माझा सूर मशीननं किती छान नीट केला, नाही?

मी हो म्हटलं.

नलूच्या घरी हा अंक येतो. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे सून वाचून दाखवते. संपादकांनी विचारलं, नावं बदलायची का. नको म्हटलं. सूनबाई, हे शेवटचं तिला नीट मोठ्यानं वाचून दाखव — नलू, सूर माझा जात होता. तेव्हाही आणि आताही. तुझ्या आवाजाला मशीन लागलंच नाही.