ओटीची शिदोरी

एका कुत्र्याच्या जेवणाची सोय करायला मी बदलापूरच्या कात्रपहून उल्हासनगरला निघाले, तेव्हा आई दारात उभी राहून म्हणाली, "काल तुझ्या स्वतःच्या डब्यात काय होतं, ते तरी सांग." मला आठवेना. पुढच्या रविवारी कुत्र्याच्या डब्यात काय असणार, याची चार पानी यादी मात्र माझ्या पर्समध्ये होती.

कुत्र्याचं नाव ओटी. बायका भरतात ती नव्हे, ओव्हरटाइममधली. आनंदनगर एमआयडीसीत मी ज्या कंपनीच्या लॅबमध्ये काम करते, तिच्या गेटवर हा गावठी गडी पडलेला असायचा. शिफ्ट सुटली तरी जागचा हलायचा नाही, म्हणून वॉचमनने ते नाव ठेवलं. दोन वर्षांपूर्वी त्याचा पाय टेम्पोखाली आला, मी त्याला घरी आणलं, आणि आईने चपात्या चारून चारून त्याचा पिंप केला. अंबरनाथचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "याला चढ चढवा आणि आजीबाईंना आवरा." दुसरं काम त्यांनाही जमलं नसतं.

म्हणून मी ‘पंजे आणि पायवाटा’ नावाच्या ग्रुपात शिरले. कुत्री घेऊन डोंगर चढणारी ही मंडळी. तिथे कुत्र्याला कुत्रा म्हणत नाहीत, ‘बाळ’ म्हणतात. मालकिणीला ‘मम्मा’ म्हणतात. ग्रुपच्या प्रमुख रेवतीताई. त्यांचा नियम असा, की विकतचं पाकीट चालणार नाही. आपण मुळांकडे परत जायचं, बाळाचं जेवण घरी करायचं. हलकं हवं, नासणारं नको. मीठ, कांदा, लसूण बाद. आणि ‘जर्की’ (मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या) हवीच, कारण चढावर प्रोटीन लागतं. खोटं कशाला बोलू, ओटीचा चढ हे निमित्त होतं. मला त्या लोकांत बसायचं होतं. कुठल्याही दगडावर ते आपल्याच ओसरीवर बसल्यासारखे बसतात ना, तसं मलाही एकदा बसून बघायचं होतं.

तर उल्हासनगर. तिथल्या बाजारात मागाल ते मिळतं, आणि मागितलं नाहीत तेही हातात येतं. गल्लीत शिरल्यावर जीन्स, मग शिलाई मशीनचे सुटे भाग, मग फर्निचर, आणि शेवटी माझं दुकान, पापड-वाळवणं सुकवायच्या मशीनचं. गल्ल्यावरच्या सिंधी काकांनी विचारलं, "बोलो मॅडम, काय सुकवायचं? पापड? काचरी (तळायची वाळवणं)?"

"चिकन."

"होटेल आहे?"

"नाही, कुत्र्यासाठी."

काकांनी चष्मा काढून पुसला. "कुत्ता दुबई जा रहा है क्या?"

"डोंगरावर."

"साईं, मेरी बात सुनो. मशीन आहे, देतो. पण आमच्या घरी मम्मी अजून गच्चीवरच सुकवते. मशीन ती मला दुकानातच ठेव बोलते." एवढं प्रामाणिक बोलणं ऐकून मी शहाणं व्हायला हवं होतं. मी दोन शब्द घासाघीस केली आणि खोकं घेऊन रिक्षात बसले.

परतताना अंबरनाथला उतरून चिकन घेतलं. बिनहाडाचं दोन किलो, वर थोडी कलेजी. खाटीक ओळखीचा. म्हणाला, "ताई, पाहुणे?" मी हो म्हटलं. कारण सांगितलं असतं तर त्याने सुरा खाली ठेवून हात जोडले असते.

घरी मशीन लावलं. पहिल्या अर्ध्या तासात घराची लाइट गेली. दुसऱ्यांदा लावलं, तेव्हा लाइट राहिली, पण चिकन सुकायच्या ऐवजी नुसतं घामेजून बसलं. लॅबमध्ये दिवसभर मी दुसऱ्यांच्या मालाला नापास करते, इथे माझाच माल हातात धरवेना. शेवटी सगळं टाकून दिलं. सोमवारी पुन्हा चिकन आणलं, वाफवलं, पट्ट्या चिरल्या, बाल्कनीत कपड्यांच्या दोरीवर एकेक लटकवली आणि वरून मच्छरदाणीचा तुकडा टाकला. फेब्रुवारीचं ऊन चांगलं कडक होतं. मला माझं फार कौतुक वाटलं.

आई बाजारातून आली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिला दोरी दिसली. तिने आत जाऊन जुनी साडी आणली आणि बाल्कनीच्या ग्रिलला या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधली, म्हणजे समोरच्या बिल्डिंगला काही दिसू नये. समोरच्या काकूंनी तरीही विचारलंच, "काय वाळत घातलंय हो?" आई म्हणाली, "मिरच्या." खोटं बोलण्यात माझी आई फार कच्ची आहे. लाल मिरच्या एवढ्या रुंद कुठे असतात?

"अगं, कुत्र्याचा खाऊ आहे, त्यात लपवायचं काय?" मी म्हटलं.

"खाऊ," ती म्हणाली. "याचं नाव माहीत आहे तुला?"

"जर्की."

"चान्या." मग खुर्चीत बसली आणि भिंतीकडे बघत सगळं सांगून टाकलं, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. "आपल्या लोकांच्या वाट्याला मेलेलं ढोर यायचं. ते एका दिवसात संपायचं नाही. मग त्याच्या पट्ट्या कापायच्या, दोरीवर वाळवायच्या आणि वर्षभर पुरवायच्या. धर्म घेतला तेव्हा गावातल्या सगळ्यांनी ते सोडलं. मी जन्मले ती सोडल्यानंतर. पण एका वाईट वर्षी माझ्या आजीने बोकडाच्या आतड्या-बितड्या आणून पुन्हा दोरी बांधली. मी दुसरीत होते. एक चानी फ्रॉकच्या खिशात घालून शाळेत गेले. मधल्या सुट्टीत खाईन म्हणून. बाईंना वास आला. त्यांनी पट्टीने ती माझ्या खिशातून बाहेर काढली आणि वर्गाला नाक धरायला सांगितलं. चौथीपर्यंत माझं नाव तेच होतं. चानी."

मी अडतीस वर्षांची आहे. हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आमच्या घरी बुद्धपौर्णिमेची खीर, जयंतीचा निळा झेंडा, भावाचं इंजिनिअरिंग, सगळ्याच्या गोष्टी आहेत. ही नव्हती. मला आधी राग आला तो त्या बाईंचा, आणि लगेच माझा, कारण दोरी मीच बांधली होती.

"काढून टाकू?" मी विचारलं.

"राहू दे. आणलंयस तर खाईल तो. पण तुझ्या त्या डोंगरवाल्यांत हा शब्द काढायचा नाही. शपथ घे."

मी घेतली.

रविवारी पहाटे उजाडताना बदलापूरहून निघालो. रिक्षावाल्याने ओटीकडे बघून विचारलं, "ये भी सवारी गिनूँ?" ओटी ऐटीत मधल्या जागेवर बसला होता, त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही. बारवी धरणाच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी एक ठाकरवाडी (आदिवासी ठाकरांची वस्ती) आहे. तिथे सगळे जमलो. रेवतीताईंचा मफिन नावाचा सोनेरी कुत्रा चार पायांत चार बूट घालून आला होता. दुसऱ्या एका बाळाला गॉगल होता. ओटीच्या गळ्यात आईने बांधलेली सुतळी होती. त्याने मफिनच्या बुटांचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. शाळेत मी दुसऱ्यांच्या नव्या बुटांकडे बघत राहायचे ते आठवलं; मला असं तोंड फिरवता आलं नव्हतं.

चढ दीड तासाचा. करवंदीची जाळी, पानं झडलेला साग, वरती मोकळा कातळ आणि खाली बारवीचं पाणी. ओटी लंगडत लंगडत सगळ्यांच्या पुढे. मफिनचा एक बूट कातळात अडकला आणि राहिला, मग दुसरा, मग रेवतीताईंनी उरलेले दोन काढून बॅगेत टाकले. गॉगलवालं बाळ अर्ध्या वाटेपासून मम्माच्या कडेवर होतं. माझा श्वास फुलला होता, पण मनातल्या मनात हसायला तो पुरत होता.

उतरून वाडीत आलो. हिराबाई नावाच्या ठाकर बाईच्या अंगणात जेवण सांगितलेलं होतं. माणसांचं व्हायला वेळ होता, म्हणून सारवलेल्या अंगणात बाळांचे डबे उघडले. किन्वा नावाचं परदेशी धान्य. ब्लूबेरी. रताळ्याचे हार्टच्या आकारात कापलेले तुकडे. मी नाचणी, तांदूळ आणि लाल भोपळ्याची कोरडी भरड पाणी घालून भिजवली आणि वर पट्ट्या मोडून टाकल्या. वास सुटला तशी सगळी बाळं किन्वा सोडून माझ्याकडे. मफिनने रेवतीताईंना साखळीसकट अंगणभर ओढत आणलं.

"सुजाता, किती ऑथेंटिक आहे हे," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आजीची रेसिपी ना? तुमच्याकडे काय म्हणतात याला?"

"काही नाही. वाळवलेलं चिकन."

"असं कसं, नाव असणारच. आपण याचं वर्कशॉप घेऊ. तू शिकव. ‘सह्याद्री जर्की’ म्हणू."

मी मान हलवली. वर्कशॉप म्हटल्यावर मला आनंद झाला, लपवून काय करू? मी अंगणातल्या दगडावर त्यांच्यासारखीच बसले होते, आणि लोक मला जागा देत होते.

तेवढ्यात हिराबाई पाण्याची कळशी घेऊन आल्या. अंगणातल्या एका सुपात मी काढून ठेवलेल्या उरलेल्या पट्ट्यांकडे त्यांनी बघितलं, एक उचलली, वास घेतला आणि दाताखाली धरली.

"अहो, टाका, टाका ते," रेवतीताई ओरडल्या. "कुत्र्याचं आहे."

हिराबाईंचं तोंड हलायचं थांबलं. सगळं अंगण त्यांच्याकडे बघत होतं. एका बाईने तोंडावर हात धरला, दुसरी हसली. हिराबाईंनी ओंजळ तोंडापाशी नेली, थुंकावं की गिळावं ते त्यांना कळेना, आणि मान खाली गेली. साठीची बाई, स्वतःच्या अंगणात.

माझ्या डोक्यात जे सणकलं ते मला नीट सांगता येत नाही. मी उठले, सुपातली एक पट्टी घेतली, तोंडात घातली आणि चावत चावतच बोलले. "खा हो मावशी. कुत्र्याचं नंतर झालं हे. याला चान्या म्हणतात. माझ्या पणजीने हेच खाऊन पोरं वाढवली. माझी आई दुसरीत हे खिशात घेऊन शाळेत गेली, म्हणून तिला वर्गात नाक धरून उभं केलं. रेवतीताई, तुम्ही नाव विचारत होता ना? हे नाव."

अंगणात कुत्रीच तेवढी खात होती.

हिराबाईंनी घास गिळला. मग मला म्हणाल्या, "आमी बी वाळवतू, चुलीवर टांगून. मीठ नाय घातलंस बाय?"

"कुत्र्याला मीठ चालत नाही."

"त्याला नगं. मानसाला पायजे." आत जाऊन वाटीत मीठ घेऊन आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि आम्ही दोघींनी दोन-दोन पट्ट्या मिठाला लावून खाल्ल्या. चिवट होत्या. माझा एक दात दुखायला लागला.

रेवतीताई जवळ आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी त्या अर्थाने नव्हते गं बोलले. आणि आपल्या ग्रुपमध्ये आपण हे मानतच नाही. मग असे विषय कशाला? पॉझिटिव्ह राहू या." त्यांचा आवाज खरंच प्रेमळ होता, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. नावाची चौकशी त्यांनी केली तेव्हा तो विषय नव्हता. मी सांगितलं तेव्हा झाला. वर्कशॉपचं पुन्हा कुणी काढलं नाही. संध्याकाळी ग्रुपवर फोटो आले. सगळ्यांचे डबे होते, माझा नव्हता.

परतीच्या रिक्षात ओटी माझ्या मांडीवर डोकं ठेवून घोरत होता. कात्रप जवळ येऊ लागलं तशी मला शपथ आठवली. डोंगरवाल्यांचं जाऊ दे. ते पुढच्या रविवारी नवीन बूट घेतील. मी ज्या लोकांत बसायला धडपडत होते, त्यांच्यासमोर मी माझ्या आईला उघडं केलं होतं. आठवडाभरही शपथ पाळता आली नाही मला. तिने साठ वर्षं झाकून ठेवलेलं मी पंधरा माणसांत आणि आठ कुत्र्यांत सांगून आले होते. माणूस प्रवासाला जाऊन काहीतरी मिळवून येतो म्हणतात. मी दुसऱ्याचं देऊन आले होते.

आईने दार उघडलं. ओटीला पाणी ठेवलं. "झाला का चढून?"

"आई, मी तो शब्द काढला."

ती थांबली. मी बसायच्या आधी सगळं सांगितलं. हिराबाई, ओंजळ, शाळा, खिसा, सगळं. तिने मध्ये एकदाच विचारलं, "सगळ्यांसमोर खाल्लीस?"

"हो."

"आणि त्या बाईने?"

"तिनेही."

मग तिने माझी बॅग ओढली, डबा काढला, तळाला राहिलेली एक पट्टी हातात घेतली, उजेडाकडे धरून उलटीपालटी केली आणि दाढेखाली ठेवली. ती चावत राहिली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही.

"जाड चिरलीस," ती म्हणाली. "म्हणून दगड झाली. मांसाच्या रेषेच्या अंगाने चिरायचं असतं, लांब आणि पातळ. अख्ख्या डोंगराला नाव सांगून आलीस, तर वस्तू तरी नीट करायचीस." मग उठून फ्रीज उघडला. "आहे का अजून कोंबडी? हात धुऊन ये, दाखवते."