शेवटचं पान

कणकेच्या खळीचा वास आला की नांदेडची शाळा आठवते. निजामाच्या राज्यात परवानगीशिवाय मराठी मासिक काढणं गुन्हाच. शाळा सुटल्यावर आम्ही मास्तरांसोबत चोरून मासिकाच्या हस्तलिखित वहीत चित्रं चिकटवत होतो. अचानक तपासनीस साहेब दारात! "मास्तरांची नोकरी गेली बघ," शेजारचा पुटपुटला. खळीनं माखलेले हात मी पाठीमागं लपवले. साहेबांनी वही उचलली आणि उर्दूच्या सवयीनं उजवीकडून, म्हणजे आमच्या शेवटाकडून उघडली. कागद मिळत नव्हता म्हणून मी माझीच अर्धी भरलेली उर्दूची वही मासिकासाठी दिली होती. तिकडं माझा कित्ता होता. "लिखावट अच्छी है," म्हणून ते पुढं न चाळताच निघून गेले. मास्तर भिंतीला टेकून खालीच बसले. आजही नवं पुस्तक हाती आलं की मी आधी शेवटचं पान उघडतो, आपण सुटलो का ते बघायला.