दोन वर्षांनी मोठा जुळा भाऊ

आम्ही दोघं जुळी. भाऊ आधी आणि दहा मिनिटांनी मी. शाळेत नाव घालताना मात्र बाबांनी त्याचं वय दोन वर्षांनी वाढवून सांगितलं. मुलगा लवकर नोकरीला लागेल, हा हिशेब. माझं खरं लिहिलं; मुलीचं वाढवून काय करायचं! मास्तरांनीही निमूट लिहून घेतलं.

तो अकोल्याला मालगाडीवर गार्ड झाला आणि मी अमरावतीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. प्रकाशाच्या जवळपास वेगानं फिरून आलेला जुळा भाऊ घरी थांबलेल्यापेक्षा तरुण राहतो, हे शिकवताना मी आमचंच उदाहरण द्यायचे. पोरं हसायची. एकदा भावानंच विचारलं, “मंग तुह्या हिशेबानं मी किती जवान रायलो?”

मी गणित मांडलं. जन्मभर गाडीवर राहून सेकंदाचा दहा लाखावा भागसुद्धा धड भरत नव्हता.

“मास्तरनं माहे दोन वर्सं नेले, अन् रेल्वेनं एवढुसं वापस देल्लं!” तो पोट धरून हसला.

त्या कागदानंच त्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी साठीचा ठरवून निवृत्त केलं. माझी नोकरी अजून दोन वर्षं होती. वहिनी आधीच गेलेली, मुलगा दूर. दर शनिवारी फोन यायचा, “उद्या येऊन राहिली का? एकट्याले करमत नाई, बाई.”

“दोन वर्सं थांब,” मी म्हणायचे, “पाहता पाहता जातील.”

पेपर, प्रॅक्टिकल, विभागप्रमुखाची खुर्ची; मला खरंच उसंत नव्हती. खोटं कशाला बोलू, कधीकधी त्या फोनचा वैतागही यायचा. भाऊबीजेला ओवाळताना पाहिलं, तर तो एकदम म्हातारा दिसला. आता घरी थांबलेला तो होता आणि धावणारी मी. तरी संध्याकाळच्या गाडीनं परत आले, कारण सकाळी तास होता.

माझ्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना तो गेला.

आता मी मोकळी आहे. रविवारी जेवते, भांडी आवरते, थोडी आडवी होते आणि उठून पाहते, तर जेमतेम अडीच वाजलेले असतात. ती दोन वर्षं मला कळलीही नाहीत. त्याला ती केवढी लांब पडली असतील, हे समजायला मला असे रविवार यावे लागले.