रेशमी पिशवीतला हायड्रोजन

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. वडील काशीत ब्रह्माघाटावर वेद शिकवत. मी बी.एस्सी. झालो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "याचा उपयोग काय?" ते मला लागलं. खरं सांगायचं तर अजून लागतं.

युद्धाचे दिवस होते. पेट्रोल कूपनावर मिळे, आणि कूपन साहेबाच्या हातात. मी डोक्यात घेतलं होतं की विमान हायड्रोजनवर उडवायचं. तो पाण्यातून निघतो आणि जळला की पुन्हा पाणीच होतो. पाण्याचा आम्हाला काय तोटा? खाली गंगा वाहत होती.

धाकटी बहीण नुकतीच मॅट्रिकला बसली होती. तिलाही विज्ञानच शिकायचं होतं. वडील म्हणाले, "वसंतपूजेला आपल्याकडे वैदिक मंडळी मंत्र म्हणायला येतील. त्यांच्यापुढे तुझं शास्त्र दाखव. काही अर्थ दिसला तर हिला कॉलेजात घालू. नाहीतर ज्येष्ठात लग्न."

वडिलांच्या जुन्या रेशमी मुकट्याची पिशवी बहिणीनं शिवली आणि वर अळशीच्या तेलाचे हात दिले. जस्तावर तेजाब ओतून निघालेला वायू त्यात भरायचा, नळीच्या तोंडाशी पेटवायचा आणि ज्योतीवर गार पितळी ताटली धरायची. ताटलीवर पाण्याचे थेंब जमतात. ज्याचा धूर म्हणजे पाणी, असं इंधन!

तेजाबाचा वास सोवळ्यातल्या मंडळींना चालणार नाही, म्हणून मी पिशवी मंडळी यायच्या आधी, दुपारीच भरायचं ठरवलं.

"दादा, कालची पिशवी तासाभरात बसली," बहीण म्हणाली. "मंत्रजागर संपल्यावर मागच्या चौकात भर."

"बी.एस्सी. मी आहे की तू?"

"पास तू झालायस. शिवलीय मी."

मी ऐकलं नाही.

मंत्रजागरात प्रत्येक शाखेचा मान असतो, कुणाला आटपा म्हणता येत नाही. ऋग्वेद झाला, यजुर्वेद झाला. आता संपलं म्हणेतो दक्षिणेतून आलेले एक पाहुणे सामवेद म्हणायला बसले. सामगायनात घाई नसते. मी दाराच्या फटीतून पिशवीकडे बघत होतो, आणि ती माझ्या डोळ्यांदेखत सुकत होती.

माझी पाळी आली तेव्हा तिचं पिळलेलं फडकं झालं होतं. काडी लावली. फट्ट! एकच आवाज, आणि ज्योत गेली. ताटली कोरडीच.

"काय भैया, विमान उडालं की बसलं?" एक म्हातारे घनपाठी वैदिक पन्ह्याचा पेला खाली ठेवत म्हणाले. सगळे हसले. वडील हसले नाहीत.

"समज, पिशवी गळली नसती," ते म्हणाले. "डबाभर पेट्रोलचं काम करायला हा वायू किती लागेल?"

तिथं माझी थाप पकडणारं कुणी नव्हतं. पण थाप मारायला मी शिकलो नव्हतो.

"ही खोली आणि पलीकडची, दोन्ही छतापर्यंत भरतील."

"दाबून भरला तर?"

"तर लोखंडी नळकांडी लागतील. विमान तीच वाहील. माणसं खाली राहतील."

"म्हणजे जमत नाही."

"आज तरी नाही."

"हे तुला आधी ठाऊक होतं?"

"होतं."

"मग चार लोकांत हसं कशाला करून घेतलंस?"

दाराआडून बहीण बोलली, "आप्पा, का जमत नाही ते त्याला नेमकं सांगता आलं ना? तेच कॉलेजात शिकवतात."

वडिलांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिचं म्हणणं त्यांना पटलं असावं. पण फजिती वैदिकांच्या देखत झाली होती, आता शब्द फिरवणं त्यांना जमलं नाही. हायड्रोजनवर चिडू, सामवेदावर चिडू की स्वतःवर, मला कळेना.

ज्येष्ठात तिचं लग्न झालं. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा ती इंदूरला सासरी होती. पहिला वर्ग. तार मीच केली. उत्तरादाखल पोस्टकार्ड आलं. निकालाबद्दल त्यात अक्षर नव्हतं. लिहिलं होतं, "दादा, पिशवीला तेलाचे आणखी दोन हात द्यायला हवे होते."